संगीत विभाग, प्रथम वर्ष : गाता येतं, पण स्वर ओळखता येत नाहीत

कृष्णाकाठ | ४ ऑगस्ट, रात्री ९:१२

नमस्कार. मी शिरोळ तालुक्यातली. यंदा विद्यापीठाच्या संगीत विभागात गायन घेऊन पहिल्या वर्षाला आलेय. बाबा भजनी मंडळात पखवाज वाजवतात, आजोबा वीणा घेऊन उभे राहायचे. काकड्याचे अभंग, गौळणी, भारुडं सगळं कानानेच उचललं. गावातल्या गुरुजींकडे प्रवेशिका पूर्ण केली तीही ऐकून ऐकूनच.

इथे आठवड्यातून दोनदा स्वरज्ञानाचा तास असतो. सर पेटीवर आधी सा धरतात, मग चार-पाच स्वरांचा तुकडा वाजवतात आणि तो आम्ही वहीत लिहायचा. तुकडा मी लगेच आकारात, म्हणजे नुसत्या 'आ'वर, म्हणून दाखवते. पण यात स्वर कुठले, असं विचारलं की हात थांबतो. शेजारची मुलगी तोवर लिहून मोकळी झालेली असते. काल सरांनी ग म ध प वाजवलं आणि मी लिहिलं नी सा ग रे. रात्री झोप आली नाही.

दुसरा त्रास शास्त्राच्या पेपरचा. बावीस श्रुती (सप्तकाचे बारीक भाग), दहा थाट (राग ज्यांत वाटतात ते स्वरांचे संच), रागाचे नियम, ठेक्याची दुगुन-तिगुन (दुप्पट-तिप्पट लय) लिहिणं. पाठ करते, पण पाठ केलेलं आणि गायलेलं यांचा एकमेकांशी संबंधच लागत नाही. गाताना मला एकदाही काफी थाट आठवलेला नाही. झपतालाची तिगुन कुठून उचलायची तेही कळलेलं नाही.

जाणकारांनी वाट दाखवावी. मला हे मनापासून शिकायचं आहे.

खर्जातला_सा | ४ ऑगस्ट, रात्री १०:३५

मुली, तुझी चूक मी दोनदा पेटीवर वाजवून पाहिली. तूही पाहा. ग म ध प : काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजल्या तर एक वर, मग चार वर, मग दोन खाली. आता नी सा ग रे : एक वर, चार वर, दोन खाली. दोन्हींची चाल तंतोतंत एक आहे. म्हणजे तुझ्या कानाने काहीही चुकीचं ऐकलं नाही. तुकडा सुरू झाला आणि तू मध्यमालाच सा मानलंस, एवढंच झालं.

हे लक्षात ठेव : तुला स्वर ओळखता येत नाहीत असं नाही, तुझा सा हातातून सुटतो. स्वराचं नाव म्हणजे तो सापासून किती लांब आहे त्याचा पत्ता. सा हलला की सगळे पत्ते हलतात.

आजोबा वीणा घेऊन उभे राहायचे म्हणालीस. ती वीणा भजनभर तोच सूर धरून होती, म्हणून मंडळ सुरात राहायचं. तुला स्वतः तो धरावा लागला नाही, कारण कुणीतरी तुझ्यासाठी धरला होता. आता तो आपल्या आत धरायला शिकायचा.

महिनाभर एवढंच कर. पहाटे तानपुरा लावून वीस मिनिटं नुसता सा आणि खर्ज, म्हणजे खालचा सा. मग सरांसारखा चार स्वरांचा तुकडा मैत्रिणीकडून वाजवून घे. तुकडा संपल्यावर नाव सांगण्याची घाई करू नकोस. आधी मनात सा म्हण, मग तोंडाने म्हण, तानपुऱ्याशी जुळतोय का बघ. जुळला, तरच लिही. सुरुवातीला अर्धं मिनिट लागेल, लागू दे.

ओझरती_मींड | ५ ऑगस्ट, सकाळी ७:५०

काकांच्या प्रतिसादाला +१. मी पंधरा वर्षांपूर्वी याच वर्गातून गेले, आता स्वतः कॉलेजात शिकवते. दर वर्षी दोन प्रकारची मुलं येतात. काही तुझ्यासारखी, गळ्यात सगळं आहे पण नावं नाहीत. काही क्लासमधून आलेली, त्यांना नावं फटाफट येतात, पण आकारात गा म्हटलं की सरगमच्या कुबड्या लागतात. पहिल्या प्रकारच्या मुलांचं दुसऱ्या सत्रापर्यंत छान होतं. दुसऱ्यांना जास्त वेळ लागतो. त्यामुळे शेजारच्या मुलीकडे बघून खचू नकोस.

माझा एक उपाय. तुला पाठ असलेल्या अभंगाची एकच ओळ घे. शब्द काढून टाक, आकारात गा. मग पहिल्या अक्षरावर थांब आणि तिथून एकेक स्वर खाली उतरत सापर्यंत ये : प म ग रे सा. किती पायऱ्या उतरलीस त्यावरून तो स्वर कळला. मग दुसरं अक्षर. एका ओळीला पहिल्यांदा अर्धा तास लागेल. पण जे तुझ्या रक्तात आहे त्यालाच नाव मिळतं, आणि असं मिळालेलं नाव कायमचं राहतं. आठवड्याला एक अभंग स्वरलिपीत लिही.

पेटीवाला | ५ ऑगस्ट, दुपारी १:२०

मी साथीला बसतो, म्हणून एक सावधगिरीचं सांगतो. सा पक्का करायला पेटी वापरू नका, तानपुराच घ्या. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. निसर्गाचा शुद्ध गंधार त्या भागांत नेमका बसत नाही. पेटीतला गंधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. पंचमात फरक फक्त दोन सेंटचा, म्हणून तो खपून जातो. गंधारात मात्र कान असलेल्याला ठसठशीत कळतो.

तानपुऱ्याची जवारी (तारेचा झंकार खुलवणारी घोडीची ठेवण) नीट लागलेली असेल तर खर्जाच्या तारेतून तो खरा गंधार आपोआप ऐकू येतो. कुणी वाजवत नाही, तरी येतो. पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा मी तानपुरा खाली ठेवून कुठून आवाज येतोय ते शोधत होतो. त्या गंधारात आपला गंधार मिसळून टाकणं, यापेक्षा चांगलं कर्णशिक्षण मला माहीत नाही.

१९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती पुढे तीस वर्षं टिकली, त्याच्या कारणांत हे अढळ सूर आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) न निघणं हाही आक्षेप होता. मी माझ्या वाद्यावर जिवापाड प्रेम करतो, पण तो आक्षेप खोटा नव्हता.

ओझरती_मींड | ५ ऑगस्ट, दुपारी ३:०५

पेटीवाला, तत्त्व मान्य. पण हिची परीक्षा पेटीवरच होणार आहे. रियाज तानपुऱ्यावर आणि ओळखण्याचा सराव पेटीवर, असं दोन्ही लागेल. शिवाय पट्टी, म्हणजे सा कुठल्या उंचीवर धरायचा ते, रोज बदलायला सांगा. स्वतः काळी चारमध्ये गाते आणि सर काळी एकमध्ये वाजवतात, असंच होत असणार. आपल्या पट्टीतला सा गळ्याच्या सवयीने सापडतो, परक्या पट्टीतला कानानेच धरावा लागतो.

तिहाई | ५ ऑगस्ट, रात्री ८:४४

तालाचं मी घेतो. झपताल दहा मात्रा, ठेका : धी ना । धी धी ना । ती ना । धी धी ना.

तिगुन म्हणजे एका मात्रेत तीन बोल. दहा बोलांना लागणार तीन पूर्णांक एक तृतीयांश मात्रा. समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायचं तर दहातून तेवढ्या वजा करा, सहा पूर्णांक दोन तृतीयांश उरतात. म्हणजे सहा मात्रा ठाय (मूळ) लयीत आणि सातव्या मात्रेचे पहिले दोन तुकडे रिकामे. सातवी मात्रा अशी लिहा : ऽऽधी. आठवी नाधीधी, नववी नातीना, दहावी धीधीना. पुढे सम.

आता लिहिणं बाजूला ठेवून हातावर टाळी-खाली धरून हे तोंडाने म्हणा. सातव्या मात्रेवर गप्प राहायचं आणि तिच्या शेपटावर धी पकडायचा. चार-पाच वेळा चुकेल, मग एकदम जागेवर बसेल. बसलं की कागदावरचं गणित परत कधी पाठ करावं लागणार नाही. बाबा पखवाजी आहेत ना? त्यांच्यासमोर चौतालाची तिगुन म्हणून दाखवा, ते कुठे मान हलवतात ते बघा. बारा मात्रांना तीनने पूर्ण भाग जातो, त्यामुळे ती नवव्या मात्रेपासून सरळ उचलता येते.

दूरदेशी | ६ ऑगस्ट, पहाटे ४:१०

मी डोंबिवलीची, लग्नानंतर अमेरिकेत आले. इथल्या एका विद्यापीठात चाळिशीत पाश्चात्त्य संगीताचं पहिलं वर्ष केलं, म्हणून हा धागा वाचून राहवलं नाही. कृष्णाकाठ, तुला जे होतंय त्याच्या बरोबर उलटं मला झालं.

पहिल्या सत्रात मी पुढे होते. एकटी चाल वाजवली की मी मनात सरगम लावून लिहून टाकायचे. त्यांच्याकडे 'डो' सरकता ठेवणारी एक पद्धत आहे आणि 'डो' कायम एकाच स्वराला बांधणारी दुसरी. आमच्या वर्गात सरकता होता, म्हणजे आपल्या सारखाच. मला घरी आल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या सत्रात धून मध्येच आधारस्वर बदलू लागली. तिकडे ते नेहमीचं आहे : रचना एका सावर सुरू होते, पाच-सात ओळींनंतर पंचमच सा होऊन बसतो. सगळा वर्ग नव्या सावर उडी मारायचा आणि माझ्या डोक्यात पहिलाच तानपुरा चालू. मी कोमल-तीव्र लावत बसायचे आणि कागदावर काहीच्या काही उतरायचं. सा न सोडायची शिस्त मला लहानपणापासून लागलेली, आणि इथे तो योग्य वेळी सोडायला शिकायचं होतं. रडले होते एकदा लायब्ररीत.

सुटका मूर्च्छनेने झाली, म्हणजे स्वर तेच ठेवून सा दुसऱ्या स्वरावर हलवण्याने. भूप रागाचे पाच स्वर घ्या, सा रे ग प ध. तेच स्वर, पण रिषभाला सा माना : मध्यमाद सारंग ऐकू येतो. गंधाराला सा मानलं की मालकंस. पंचमाला मानलं की दुर्गा, धैवताला मानलं की धानी. एकही नवा स्वर न लावता. मी हे रोज गायचे, मुद्दाम सा सोडायचा आणि मुद्दाम परत धरायचा. तुझा सा नकळत सुटतोय. तो जाणून सोडता यायला लागला की धरताही येईल.

खर्जातला_सा | ६ ऑगस्ट, सकाळी ६:३०

दूरदेशी, फार मोलाचं लिहिलंत. मात्र कृष्णाकाठ, तू हा मूर्च्छनेचा खेळ दिवाळीनंतर खेळ. आधी एक महिना एकच सा.

मांडवी | ६ ऑगस्ट, रात्री ९:५८

गोव्यातून लिहितोय, व्हायोलिन वाजवतो. आमच्याकडे चर्चच्या शाळांमध्ये जुन्या काळापासून सोल्फेज शिकवत. वाद्य हातात मिळण्याआधी कितीतरी महिने नुसती स्वरांची नावं, हाताने मात्रा देत, कागदावरून वाचायची. माझ्या आजोबांनी असंच केलं. अशा शिक्षणातून निघालेली गोव्याची माणसं पुढे मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसली, कारण समोर कागद ठेवला की ती लगेच वाजवू शकत. अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच, प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले.

तुम्हाला उपयोगी पडेल ते एवढंच : स्वरलिपी रोज दहा मिनिटं न गाता वाचा. लयीत, टाळी देत, फक्त नावं. नाव जिभेवर चटकन यायला लागलं की कानाला त्याची वाट पाहावी लागत नाही.

कृष्णाकाठ | ७ ऑगस्ट, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. तिहाई दादा, सातव्या मात्रेचा धी सापडला. बाबांना फोनवर म्हणून दाखवला, ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले परत म्हण.

स्वरलिपीवरून आणखी एक. गावी गुरुजींची जुनी वही पलुस्कर पद्धतीची आहे, इथे भातखंडे पद्धत. गुरुजींच्या वहीत टिंब डोक्यावर, आणि मी तो तार सप्तकातला समजून गायले. सर म्हणाले खालचा आहे.

आणि माझा मूळ प्रश्न राहिला. श्रुती आणि थाट नेमके कशासाठी?

ओझरती_मींड | ८ ऑगस्ट, सकाळी ८:१५

टिंबाचा घोळ सगळ्यांचाच होतो. भातखंडे पद्धतीत डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचं टिंब मंद्राचं आणि तारेला वर उभी रेघ. तीच उभी रेघ भातखंड्यांकडे मध्यमावर आली की तीव्र मध्यम! समेलाही इकडे गुणिलेची खूण आणि तिकडे १ चा आकडा. वही उघडली की आधी पहिल्या पानावर पद्धतीचं नाव लिहून टाक. कुरुंदवाड तुझ्या शेजारीच, पलुस्करांचं जन्मगाव. गुरुजींची वही जपून ठेव.

थाटाचं असं बघ. सा आणि प अचल. उरले रे ग म ध नी, प्रत्येकाची दोन रूपं. दोनला पाच वेळा गुणलं की ३२. एवढे थाट शक्य आहेत. पंडित भातखंड्यांनी देशभर फिरून, घराण्याघराण्यांतल्या बंदिशी गोळा करून, जे राग प्रत्यक्ष गायले जात होते त्यांच्यावरून दहाच ठेवले. म्हणजे थाट आधी आणि राग नंतर असं नाहीच. आधी गाणं होतं, मग कपाटाचे कप्पे झाले. कीरवाणी, चारुकेशी, मधुवंती त्या दहांत बसत नाहीत, आणि अहिर भैरवाला भैरवाच्या कप्प्यात ठेवताना कोमल निषाद बाहेर डोकावतोच. हे मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगते, कारण मुलं कप्प्यालाच राग समजतात.

गाताना काफी थाट आठवायची गरज नाही. पण चार स्वर ऐकले आणि त्यात कोमल ग, कोमल नी आले, तर उरलेल्या शक्यता किती कमी झाल्या ते थाट सांगतो. ओळखण्याच्या तासाला तो असा कामाला येतो.

खर्जातला_सा | ८ ऑगस्ट, सकाळी ११:४०

श्रुतींचं मी लिहितो. हा भाग माझ्या फार आवडीचा आहे आणि तो मुलांना निव्वळ आकडे म्हणून पाठ करायला लावतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

४-३-२-४-४-३-२. सा च्या चार, रे च्या तीन, ग च्या दोन, असं करत बावीस. हे भरताने नाट्यशास्त्रात सांगितलं. दोन वीणा सारख्या जुळवायच्या, एक तशीच ठेवायची, दुसरी थोडी थोडी उतरवत जायची आणि कुठला स्वर कुठल्या स्वरात मिळतो ते ऐकायचं. ऐकायचं! कागदावरचं हे कोष्टक कानातून निघालेलं आहे. पुढे तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर लिहिला तो आपल्या देवगिरीला, यादवांच्या दरबारी. दौलताबादचा किल्ला बघायला जाशील तेव्हा हे आठव.

आता परीक्षेत हमखास येणारी गोष्ट. जुने लोक स्वराला त्याच्या शेवटच्या श्रुतीवर बसवत : चौथी, सातवी, नववी, तेरावी, सतरावी, विसावी, बाविसावी. मग सा ते रे तीन श्रुती, रे ते ग फक्त दोन. गंधार जवळ आला, म्हणजे आपल्या कानाला कोमल. म्हणून जुनं शुद्ध सप्तक आजच्या काफीजवळ जातं. भातखंड्यांनी स्वर पहिल्या श्रुतीवर बसवला : पहिली, पाचवी, आठवी, दहावी, चौदावी, अठरावी, एकविसावी. सा ते रे चार, रे ते ग तीन, ग ते म दोन. झालं बिलावल, आजचं सगळ्या शुद्ध स्वरांचं सप्तक. आकडे तेच, मोजणी कुठून सुरू केली एवढाच फरक, आणि सगळं सप्तक बदललं.

हे तुझ्या ग म ध प शी ताडून बघ. अंतरं तीच होती, तू वेगळ्या जागेवरून मोजलीस.

कृष्णाकाठ | ८ ऑगस्ट, रात्री ११:०२

काका, हे वाचून अंगावर काटा आला. कोष्टक पुन्हा काढलं, दोन्ही ओळी गाऊन पाहिल्या. पहिल्यांदा शास्त्राची वही तानपुऱ्याजवळ ठेवली.

कृष्णाकाठ | १९ सप्टेंबर, रात्री ८:२०

धागा वर आणतेय. अंतर्गत परीक्षा झाली. बारा तुकडे होते, नऊ बरोबर आले. सा आता सुटत नाही, सुटला तर सुटलाय हे तरी लगेच कळतं.

रागओळखीत मात्र दोन चुका. देशकाराला भूप म्हटलं, आणि सोहनीला मारवा.

ओझरती_मींड | १९ सप्टेंबर, रात्री ९:१५

नऊ म्हणजे उत्तम! आणि या दोन चुका तर चांगल्या आहेत. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर एकच, इथे स्वरज्ञान पुरत नाही. तुकडा कुठे विसावतो ते ऐक. भूप गंधाराशी रमतो, खालच्या अंगात. देशकार धैवतावर उभा राहतो आणि वरच्या साकडे बघतो. भातखंड्यांनी एकाला कल्याणात आणि दुसऱ्याला बिलावलात ठेवलं ते या वागणुकीवरून.

मारवा, पूरिया, सोहनी तिघांचेही स्वर तेच : कोमल रे, तीव्र म, पंचम नाही. मारव्यात रे आणि ध सतत पुढे येतात आणि सा लवकर भेटत नाही. पूरिया मंद्रात, ग आणि नी धरून. सोहनी तार साभोवती, चपळ. ओळखताना स्वरांची नावं बाजूला ठेव आणि विचार, हा कुठल्या मजल्यावर राहतो?

तिघांतही पंचम नाही, म्हणून तानपुऱ्याची पहिली तार निषादात मिळवून ऐक. सगळी खोली बदलते.

कृष्णाकाठ | २२ सप्टेंबर, रात्री १०:४८

गौरी-गणपतीला घरी गेले होते. आजोबांची वीणा खुंटीवर होती, ती बाबांनी जुळवून दिली. आजोबा म्हणायचे त्या एका अभंगाची चाल लिहायला घेतली, ताईंच्या पद्धतीने, एकेक अक्षर उतरत. वर जाताना शुद्ध निषाद येतोय आणि उतरताना कोमल. मला वाटलं माझंच चुकतंय, पण आजीनेही तसंच म्हणून दाखवलं. हे काय आहे?

खर्जातला_सा | २३ सप्टेंबर, सकाळी ६:०५

तुझं चुकत नाहीये. हे खमाज रागाचं अंग आहे. चाल उतरताना रेवर थांबते का, आणि मग गंधाराला स्पर्श करून सावर येते का, ते बघ. तसं असेल तर देस राग जवळ आहे. अभंगाची चाल रागाचं सगळं बंधन पाळतेच असं नाही, तेव्हा नाव देण्याची घाई नको. जसं गातात तसंच लिही.

कृष्णाकाठ | २३ सप्टेंबर, रात्री ९:४०

हो, रेवर थांबते. आणि त्या गंधाराच्या आधी मध्यमाचा एक बारीक कण आहे. तो काल मला ऐकू आला नव्हता. आज लिहिलाय.